कोऱ्या भिंतीवरचा पडदा

"आईला बाल्कनी मिळालीच पाहिजे!" असं म्हणून मुलाने टेबलावर अशी काही थाप मारली की कप बशीत नाचले, आणि आईला हसावं की रडावं तेच कळेना.

बाल्कनी घराची नव्हती. ती होती एका अजस्र जहाजाची, आणि ते जहाज त्या दुपारी दिवाणखान्यातल्या टीव्हीवर ऐटीत उभं होतं. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती, म्हणून मुलाने दोघांना समुद्रसफरीला पाठवायचं मनावर घेतलं होतं. मुलगा विमा कंपनीत होता. दोन योजना शेजारी मांडून तिसरी गळी उतरवायची, हे तर त्याचं रोजचंच काम. त्याने तीन पॅकेजं निवडून आणली होती. पहिल्यात जहाजाच्या पोटातली बिनखिडकीची खोली. दुसऱ्यात गोल खिडकी, पण तिच्यासमोर म्हणे अर्धी जीवरक्षक होडी टांगलेली. आणि तिसरं 'प्रीमियम', ज्याच्या किमतीत आईचं शिवणाचं सगळं सामान दोनदा विकत आलं असतं.

"वरवर महाग दिसतंय हो आई," सून समजावत होती. ती शाळेत गणित शिकवायची आणि घरातही फळा सोडायची नाही. "पण पहिल्या पॅकेजमध्ये इंटरनेट वेगळं, सरबतं वेगळी, वेटरची टीप वेगळी, चांगल्या हॉटेलात जेवायचं तर तेही वेगळं. सगळी बेरीज केली की फरक पुष्कळ कमी होतो. आणि यात बघा ना, चढताना रांग नाही, खोलीत फळांची टोपली... आणि हे तर भारीच! कपडे! कितीही टाका, धुऊन, इस्त्री करून, घडी घालून संध्याकाळी खोलीत हजर. अगदी फुकट!"

कोपऱ्यातली खुर्ची करकरली. बाबा उठले. कुणाकडेही न पाहता ते मागच्या अडगळीच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"बघितलंस?" मुलगा कडाडला. "एवढं मी तुमच्यासाठी करतोय, आणि यांना बसवतसुद्धा नाही! पण आई, ते येवोत न येवोत, तू बाल्कनीत बसणार. त्यांनी जन्मभर समुद्राची हवा खाल्ली. तू इथे मशीनवर पाय मारलेस. आता तुझी पाळी!"

आई रिकामी बशी पदराने पुसत राहिली. तिला काही बोलायचं असतं तर ते कधीच बोलून झालं असतं...

सारी गल्ली बाबांना 'बोटवाले' म्हणायची. ऐन तारुण्यापासून केस पिकेपर्यंत ते प्रवासी जहाजांच्या धुलाईखात्यात होते. वर्षातले दहा महिने तिकडे आणि जेमतेम दोन इकडे. ते घरी यायचे, मुलगा त्यांना बुजायचा. मुलाची भीड चेपायला लागली की त्यांची बॅग भरायची वेळ व्हायची. घरात त्यांचं कायम वास्तव्य असं एकच होतं, ते म्हणजे भिंतीवरचा फोटो. पांढरे शुभ्र कपडे, जहाजाचा कठडा आणि मागे नजर पोचेल तिथवर निळाशार समुद्र! त्या फोटोखाली मुलगा वाढला. लहानपणी तो फोटो त्याने वर्गात नेऊन मिरवला; आणि मिसरूड फुटल्यावर तोच फोटो त्याच्या डोळ्यांत खुपायला लागला.

मग तीन वर्षांपूर्वी बाबा निवृत्त होऊन कायमचे घरी आले. आईने त्यांच्यासाठी झोपायच्या खोलीची खिडकी तोडून मोठी करून घेतली होती. या माणसाला मोकळ्या समुद्राची सवय, चार भिंतींत त्याचा जीव घुसमटेल, असं तिच्या भाबड्या मनाला वाटलं. नवी चादर, नव्या उशा... आणि इतक्या वर्षांच्या विरहाने व्याकूळ झालेलं ते अंतःकरण! पण आठवडा उलटला नाही तोच बाबांनी आपली गादी गुंडाळली आणि ती अडगळीच्या खोलीत नेऊन टाकली. त्या खोलीला खिडकी नव्हती. एका भिंतीपलीकडे इमारतीचा पाण्याचा पंप सदानकदा घरघरत असायचा. तिथे धड माणूस काय, जुनी ट्रंकसुद्धा नाइलाजाने राहिली असती.

"तिथे काय ठेवलंय हो?" तिने कसंबसं विचारलं होतं.

"झोप लागते," एवढंच ते म्हणाले होते. आणि मग नजर चुकवून, "एक पडदा शिवून देशील? या भिंतीला."

"भिंतीला? भिंतीला कुणी पडदा लावतं का?"

"असू दे गं."

तिने शिवला. जगाचे पडदे शिवून तिने घर चालवलं होतं. नवऱ्याला एक नाही कसं म्हणणार? पण त्या दिवशी सुई दोनदा बोटात घुसली. "काय वहिनी, तुझ्यापेक्षा पंप बरा वाटला म्हणायचा दादाला!" असं नणंद हसत हसत म्हणाली, तेव्हा आईसुद्धा हसली, आणि मग न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडली. आपल्यात काय उणं राहिलं, हा एकच प्रश्न तेव्हापासून तिला पोखरत होता. मुलाने काही विचारलं नाही. त्याने फक्त बाबांशी बोलणं कामापुरतं करून टाकलं.

"ते पहिलं पॅकेज पुन्हा दाखव रे," आई म्हणाली.

"झालं! आली हिची काटकसर!" मुलाने कपाळाला हात लावला. "आई, स्वस्तातलं बघूच नकोस ना."

पण सुनेने चित्र लावलं. अरुंद खोली. भिंतीला चिकटवलेला पलंग. उशाशी एक पिवळा दिवा. आणि समोरच्या भिंतीवर, छतापासून जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेला एक पडदा.

आईच्या हातातली बशी कलली.

"ही बिनखिडकीची ना? मग त्या पडद्यामागे काय आहे?"

"काही नाही हो," सून हसली. "नुसती भिंत. खिडकी असल्यासारखं वाटावं म्हणून लावतात. नाहीतर माणसाला कोंडल्यासारखं होतं."

नुसती भिंत... आई त्या चित्राकडे बघत राहिली. शिवणकाम करणाऱ्या बाईची नजर ती! पडद्याची रुंदी, वरची चुण्यांची पट्टी, जमिनीपासून सोडलेली वीतभर जागा... अगदी असाच पडदा तिने शिवला होता! बाबांनी तिला सांगितलेलं माप म्हणजे अगदी हेच माप. इतकी वर्षं तो माणूस कुठे राहिला, हे तिला आज, आत्ता, टीव्हीवर, तीन पॅकेजांची तुलना करताना कळत होतं!

"मला ही खोली हवी," ती म्हणाली.

"आई!"

"हीच हवी. बाल्कनी नको, फळांची टोपली नको. ही."

मुलाचा संयम सुटला. "किती दिवस हे चालणार? सगळ्यांना गरम वाढायचं आणि आपण गार खायचं! सगळ्यांना नवं शिवायचं आणि आपण विरलेलं नेसायचं! पुरे झाला तुझा त्याग. मला लाज वाटते त्याची!"

आई उठून उभी राहिली. ती कधी मोठ्याने बोलत नसे. त्यामुळे तिचा आवाज चढला तेव्हा सून दोन पावलं मागेच सरकली.

"त्याग? कुणी सांगितलं तुला हा त्याग आहे म्हणून? चाळीस वर्षं तुम्ही मला विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा मी तोंडाने काही मागतेय, तर तेही तुम्हाला त्यागच वाटावा? हा त्याग नाही रे, ही माझी हौस आहे! माझा हट्ट आहे! मला देव्हाऱ्यात बसवू नकोस. मला माणसासारखं हट्ट करू दे!"

आणि तिने टेबलावरचा सुनेचा फोन उचलला, त्यावर तेच चित्र होतं, आणि ती तडक अडगळीच्या खोलीकडे निघाली. तिने दार ठोठावलं नाही. आज ती परवानगी मागायला आलेली नव्हती.

बाबा गादीवर पाठ टेकून बसले होते. पंप घरघरत होता. तिने फोन त्यांच्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

बाबांनी चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "कुणी दाखवलं तुला?"

"तुम्ही दाखवायला हवं होतं. हीच तुमची खोली ना?"

"याहून लहान," ते पुटपुटले. "आम्ही तिथे चौघं असायचो. आणि ती आणखी खाली."

"मला तिथे जायचंय. तुमच्याबरोबर."

"नाही!" बाबा ओरडले. त्यांचा असा आवाज त्या घराने ऐकलाच नव्हता. "कुठेही चल म्हण, येतो. तिथे नाही. माझी बायको त्या पोटात झोपणार नाही. जन्मभर मी ती खोली तुमच्यापासून लपवली, ती काय अशी उघड्यावर आणायला?"

"आणि तो फोटो? तो समुद्र?"

बाबा ओशाळं हसले. "बोट बंदराला लागायची, पाहुणे उतरून जायचे, तेव्हा घटकाभर वर जायला मिळायचं. एकाचे पांढरे कपडे, सगळ्यांनी आळीपाळीने घालायचे आणि फोटो काढायचा. मला बाल्कनीच्या चादरी ठाऊक आहेत गं, बाल्कनी नाही."

आई खाली बसली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाजातली धग गेली नव्हती. "मग मला का नाही सांगितलंत? मी मेली इकडे काय काय समजून बसले! खिडकी मोठी केली मी तुमच्यासाठी..."

"तेच तर! तू एवढ्या हौसेने खिडकी केलीस, आणि मला तिच्यापाशी डोळाच लागेना. एवढा उजेड, एवढी शांतता... इंजिनाच्या आवाजाशिवाय मला झोप येत नाही, हे कुठल्या तोंडाने सांगू? ज्या घरासाठी जन्मभर झुरलो, त्याच घरात मला झोप लागत नाही, असं सांगू?" त्यांनी फोनमधल्या पडद्यावर बोट टेकलं. "तिकडे रोज निजताना त्या पडद्याकडे बघायचो. मनात म्हणायचो, हा सारला की पलीकडे आपलं घर आहे. तू मशीनवर बसली आहेस. एवढं मनात धरलं की झोप लागायची."

"आता तर मी खरीच पलीकडे असते!" आई कळवळून म्हणाली. "तुमच्या या भिंतीच्या पलीकडेच तर माझं मशीन आहे! रोज तिथेच बसते मी, आणि तुम्ही इथे..."

ती बोलता बोलता थांबली. पंप एका भिंतीला. पडदा समोरच्या.

बाबांनी मान खाली घातली. "म्हणून तर या भिंतीला लावला," ते म्हणाले. "मशीनचा आवाज येतो."

आईने पदर तोंडात कोंबला. तीन वर्षांचा तो सल, ते अपमान, ते न्हाणीघरातलं रडणं... सगळं त्या एका वाक्याने धुऊन निघालं.

दारात मुलगा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याच्या हातात भिंतीवरून काढलेला तो फोटो होता.

"बाबा, हे कपडेसुद्धा तुमचे नव्हते?" त्याने फोटो पुढे धरला. "मला... मला तरी सांगायचंत!"

"तू तो वर्गात घेऊन गेला होतास," बाबा म्हणाले. "आल्यावर मला फोनवर सांगितलंस, सगळी पोरं बघत राहिली म्हणून. मग कसं सांगणार रे?"

एवढा मोठा, घोड्यासारखा वाढलेला मुलगा, पण त्याने बाबांच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. बाबांचा हात आधी हवेतच घुटमळला. त्याला सवय नव्हती. मग तो मुलाच्या केसांवर आला आणि तिथेच राहिला.

आईने मात्र डोळे पुसले. तिचं काम अजून व्हायचं होतं.

"आता ऐका सगळे. आम्ही त्याच खोलीत राहणार. आणि सकाळी उठून वर जाणार. पाहुणे उतरल्यावर नाही हं, भर गर्दीत! मोठ्या जिन्याने, मधोमध चालत, आणि यांचा हात धरून! कुणाला बघायचं ते बघू दे."

"कपडे मात्र धुवायला टाकू नकोस," बाबा हळूच म्हणाले.

"टाकणार! पैसे मोजून टाकणार. आणि जो कुणी घेऊन येईल त्याला आत बसवून विचारणार, बाबा रे, घरी कोण कोण आहे तुझ्या?"

बाबांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मागून सुनेचा आवाज आला. तीही रडली होती, पण बेरीज तिने केलीच होती. "एका प्रीमियमच्या किमतीत बिनखिडकीच्या दोन खोल्या बसतात. अगदी सरबतांसकट."

"मग दोन घे," मुलगा नाक पुसत म्हणाला. "शेजारी शेजारी."

मुलं बाहेर गेली. आई उठून आपल्या खोलीत गेली आणि पलंगावरची उशी काखोटीला मारून परत आली. बाबा बघतच राहिले.

"सरका," ती म्हणाली.

"अगं, इथे जागा कुठे आहे? आणि हा पंप... तुला झोप लागायची नाही."

"नाही लागली तर जागी राहीन. सरका म्हणते ना!"

ते सरकले. ती त्यांच्या शेजारी आडवी झाली. मग हात लांबवून तिने आपल्याच हाताने शिवलेला तो पडदा बाजूला सारला.

"काय दिसतंय?" बाबांनी विचारलं.

आईने कोऱ्या भिंतीकडे नीट निरखून पाहिलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "मशीन बंद आहे. बाई इकडे आलीय."