सीटच्या आतला माणूस

इस्माईल शेख यांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली, आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाल्यावर त्यांना सिनेमात काम मिळालं. काम असं, की ते पडद्यावर कुठंच दिसणार नव्हते.

बारामतीचा अविराज एरवी लग्नाचे व्हिडिओ करायचा. मित्रांना गोळा करून तो आता झपाटलेल्या मोटारीचा सिनेमा काढत होता. मोटार आपोआप चालते, माणसांच्या अंगावर जाते, आत कुणीच नसतं. हे कॉम्प्युटरवर करायची त्याची ऐपत नव्हती. म्हणून त्यानं भंगारातून एक जुनी चॉकलेटी मोटार उचलली, ड्रायव्हरची सीट काढून टाकली आणि सीटच्याच आकाराचं रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं. त्यात माणूस बसवायचा. डोळ्यांपुढं बारीक जाळी, हात काढायला खाली दोन फटी. स्टिअरिंग अगदी तळाला धरायचं. बाहेरून बघणाऱ्याला सीट रिकामीच दिसायची.

इंदापुरात घरी बसून इस्माईलचाचा कंटाळले होते. ते लगेच तयार झाले. नात झोया तर ‘आमचे नाना भूत झाले’ म्हणून गल्लीभर सांगत सुटली. बायको मेहबूबबी मात्र एवढंच म्हणाली, की त्या पिशवीत शिरताना बिस्मिल्ला म्हणत जा.

शूटिंग अंथुर्ण्याजवळ, कालव्याच्या कडेच्या मुरमाड रस्त्यावर होतं. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला भरून चाललेलं पाणी, आणि वर एप्रिलचं ऊन. नायिकेचं काम करणारी प्रगतीच कपडे सांभाळायची, चहा करायची, आणि चाचांना कव्हरात बसवून पाठीमागच्या नाड्याही तीच बांधायची. आतून त्या सोडता येत नसत.

पहिला दिवस मजेत गेला. शेळ्या घेऊन चाललेल्या एका बाईनं रिकामी गाडी येताना पाहिली आणि शेळ्या तिथंच टाकून ती उसात शिरली. सगळे पोट धरून हसले. चाचांनी बाहेर येऊन तिची माफी मागितली.

उन्हं कलताना शेवटचा शॉट होता. चाचांनी गिअर बदलायला फटीतून हात काढला, तर गिअर आधीच दुसऱ्यात पडलेला. जुनी गाडी आहे, सटकला असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. पण सटकलेला गिअर आणि कुणीतरी टाकलेला गिअर, यांतला फरक त्यांच्या हाताला कळत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रगती रस्त्याच्या मधोमध उभी राहणार होती. गाडी जोरात तिच्या अंगावर यायची आणि दहा फुटांवर थांबायची. चुन्यानं खूण केली होती. चाचा इंजिन चालू ठेवून अविराजच्या इशाऱ्याची वाट बघत होते. रेक्झिन तापलं होतं, घाम डोळ्यांत उतरत होता.

तेवढ्यात, दार न उघडता, कुणीतरी त्यांच्या मांडीवर येऊन बसलं.

आधी त्यांना वाटलं, कव्हर आवळलं गेलं. मग वजन वाढलं. माणूस सीटवर बसताना आधी कडेला टेकतो, मग सरकतो, मग मागं रेलतो, अगदी तसं. रेक्झिन करकरलं. त्यांच्या छातीवर एक पाठ टेकली. जाळीतून रस्ता, कॅमेरा, प्रगती, सगळं स्वच्छ दिसत होतं. मधे कुणीच नव्हतं. आणि ते वजन गार होतं. एवढ्या उन्हात चाचांचे दात वाजायला लागले.

अविराजनं हात खाली केला.

चाचांनी काही केलं नाही. गाडी निघाली.

स्टिअरिंग त्यांच्या बोटांतून सफाईनं फिरत होतं. त्यांच्या उजव्या पावलावर दुसरं पाऊल आलं आणि दाबत गेलं. ब्रेककडं न्यायला पाय उचलेना.

चुन्याची खूण आली. मागं गेली.

प्रगती घाबरल्याचा अभिनय करत होती. तिचा अजून चाचांवर विश्वास होता.

ओरडायला छातीत हवा नव्हती. उरल्यासुरल्या श्वासात ते पुटपुटले, “लेकरू हाय ते. जाऊ दे.”

पावलावरचा दाब सुटला. गाडी थांबली तेव्हा बंपर प्रगतीच्या गुडघ्यांना टेकला होता.

प्रगती खाली बसून रडली. अविराज आधी शिव्या देत आला, पण कॅमेऱ्यात शॉट पाहिल्यावर त्यानं तो पुन्हा लावला. रिकाम्या सीटचं रेक्झिन मधोमध दबलेलं दिसत होतं, पाठीलाही खळगा पडला होता.

“चाचा, हे कसं केलं तुमी?” त्यानं विचारलं.

चाचांनी उलट त्यालाच विचारलं, की गाडी पहिली कुणाची होती. ते भंगारवाल्यालाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेलेच नाहीत. फोन बंद करून ओसरीवर बसून राहिले. पण गुडघ्यांना हात लावून रडणारी ती पोर डोळ्यांपुढून हलेना. आपण नाही गेलो तर ते दुसऱ्या कुणाला तरी आत बसवतील. बाराच्या सुमाराला त्यांनी मोटारसायकल काढली. शूटिंगच बंद करा म्हणून सांगायचं, असं ठरवून ते अंथुर्ण्याला पोचले.

गाडी कालव्याच्या कडेला बंद उभी होती. अविराज आणि बाकीचे बाभळीखाली डबे सोडत होते. प्रगती एकटीच गाडीकडं निघाली होती. चाचांना बघून ती जागीच थांबली.

“तुमी बाहेर कवा आला? मी आत्ता नाड्या सोडायलाच निघाले व्हते.”

चाचांनी सांगितलं, की ते आत्ता इंदापूरवरनं येतायत. ती हसली. मग त्यांची मोटारसायकल पाहून हसायची थांबली. हळूहळू तिनं सांगितलं. सकाळी ती आली तेव्हा चाचा आधीच कव्हरात बसले होते. तिनं नेहमीसारख्या नाड्या बांधल्या. सात शॉट झाले, सातही पहिल्या फटक्यात. चाचा सकाळपासून एक शब्द बोलले नाहीत. कालचं मनाला लागलं असेल, असं तिला वाटलं.

चाचांनी गाडीकडं पाहिलं. काचेतून ड्रायव्हरची सीट दिसत होती. भरलेली.

“मघाशी फटीतनं हात बाहेर काढला,” प्रगती म्हणाली. “मला वाटलं पाणी पायजे. म्या गिलास पुढं केला, तर गिलास घेतलाच न्हाय. माझं मनगट धरून ठेवलं, लई वेळ. कालची माफी मागताय, असं वाटलं मला.”

बोलता बोलता तिनं चाचांचा उजवा हात धरला आणि उलटा केला. बत्तीस वर्षांच्या स्टिअरिंगचे घट्टे त्यावर होते. तिनं त्यावरून अंगठा फिरवला.

“ह्यो न्हवता,” ती म्हणाली. “त्याची बोटं पांढरी, सुरकुतल्याली व्हती. लई दिस पाण्यात राहिल्यावर होत्यात तशी.”