तुळसाचं घड्याळ काही चालेना

तुळसा महाडच्या एस.टी. स्टँडवर धापा टाकत पोचली तेव्हा पोलादपूरची गाडी सुटून गेली होती. तिचा विश्वास बसेना. तिच्या मनगटावर तर अजून चांगला वेळ होता. तिनं ते खिडकीतल्या बाबूला दोनदा ऐकवलं. बाबूनं तोंडातलं पान या गालातून त्या गालात नेलं आणि दुसरीकडं बघितलं.

"गाडी वेळेवरच गेली," बाकावरून कुणीतरी म्हणालं. "घड्याळ निजलंय तुमचं."

तिनं वळून बघितलं. सावळा, उंच, डोळ्यांत नको तेवढं हसू असलेला एक तरुण भिजलेली छत्री झटकत होता.

"तुम्हाला तिथनं कसं दिसलं?"

"सेकंदाचा काटा हलत नाय. माझा धंदाच हाय तो." तो उठून जवळ आला. "मी सहदेव. बाजारपेठेत दुकान हाय. चला, पुढची गाडी यायच्या आत करून देतो."

दुसरी वेळ असती तर तुळसा अशी अनोळखी माणसामागं गेली नसती. पण ती पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. मुंबईला गिरणीत असलेल्या भावानं, भागोजीनं, तिला नोकरी लागली तेव्हा हे घड्याळ आणून दिलं होतं. डोंगरातल्या वाड्यांवर बाळंतपणाला जायचं, तर नाडी मोजायला सेकंदाचा काटा हवाच. तिथं कुणाच्या घरात घड्याळ कुठलं असायला?

दुकान इतकं अरुंद होतं, की तिच्या नि त्याच्या मधे फक्त एक काचेचं टेबल होतं. सहदेवानं डोळ्याला भिंग लावलं. तुळसा स्टुलावर बसून त्याच्या हाताकडं बघत राहिली... नवशिक्याला सुई टोचताना बघावं तशी. सहदेवाच्या हातून चिमटा निसटला. मग एक स्क्रू उडाला, तो दोघांनी वाकून जमिनीवर शोधला. अखेर घड्याळ टिकटिकलं.

"बघा. आता वर्षभर बघायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा बंद पडलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तुळसा पुन्हा महाडात. त्यानं पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, वर चहा मागवला. या वेळी घड्याळ चाललं, पण भलत्याच घाईनं. तिला दवाखान्यात सगळ्यांच्या आधी नेऊन उभं करू लागलं. त्यानंतर सहदेवानं ते ठेवूनच घेतलं. ती आली की म्हणायचा, "मुंबईचा माणूस सामान घेऊन आला नाय." नाहीतर, "तेल सुकायला ठेवलंय."

"तेल सुकतं होय?" तुळसा म्हणाली. "तुमच्या दुकानात माझी चप्पल झिजली. पोलादपुरात लोकं विचारायला लागलीत, महाडात काय एवढं काम असतं म्हणून."

"मग काय सांगता तुम्ही?"

"सांगते, एक कारागीर भेटलाय. त्याला कारागिरी सोडून सगळं येतं."

तो हसला. हसला, की त्याच्या गालाला खळी पडायची, आणि तुळसाला त्या खळीचाही राग यायचा. परतीच्या गाडीत मात्र ती खिडकीला डोकं टेकून त्याच्याशी पुढच्या वेळचं भांडण रचत बसायची. त्याचं उत्तरही तीच रचायची... आणि गालातल्या गालात हसायची.

मग तिला तिच्याच गावच्या, कापड्याच्या वरच्या वाडीतून बोलावणं आलं. चंद्राबाई म्हणून एक पहिलटकरीण होती. मूल झालं, पण रक्त थांबेना. तुळसा तिचं मनगट धरून बसली, आणि नाडी मोजायला तिच्यापाशी काहीच नव्हतं. ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत तिनं अंदाज घेतला, सुई दिली, ओटीपोट चोळत राहिली. चंद्राबाई वाचली. पण डोंगर उतरताना तुळसा ते आकडे पुन्हा पुन्हा मोजत होती.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात शिरली, ती बसलीच नाही.

"माझ्या हातात एक बाई मरता मरता वाचली," ती म्हणाली. "तिची नाडी मी अंदाजानं मोजली. माझं घड्याळ द्या. बंद तर बंद, मी दुसरीकडं नेते."

सहदेवाचं हसू पार मावळलं. त्यानं स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

"हे न्या. हे चालतं."

"मग हे पहिल्याच दिवशी का नाय दिलंत?"

"सुचलं नाय." तो टेबलाच्या काचेकडं बघत होता. "तुम्ही समोर असलात की मला काय पण सुचत नाय. सगळ्या महाडाची घड्याळं मी चालवतो. तुमचंच बिघडतं. तुम्ही बघत बसता, नि माझा हात थरथरतो."

बाहेरून भाताचं गवत भरलेली बैलगाडी गेली, तिचा वास दुकानभर झाला. कानाच्या पाळ्या तापल्याचं तिला कळत होतं.

"म्हणजे चूक माझीच?" ती म्हणाली. "मग मी नसताना करा." त्याचं घड्याळ तिच्या मनगटावर बांगडीसारखं ढिलं झालं. ते सावरत ती बाहेर पडली.

दिवाळी झाली आणि तुळसाला सुईणीच्या शिक्षणासाठी अलिबागला जायचा हुकूम आला. पोलादपूरहून निघालेली तिची गाडी महाडला थांबली. गर्दीतून वाट काढत सहदेव खिडकीशी आला आणि त्यानं तिचं घड्याळ वर केलं. काटा नीट, शांत चालला होता.

ती त्याचं घड्याळ सोडू लागली.

"राहू दे ते," तो म्हणाला.

"दोन-दोन घालून काय करू?"

"एक बंद पडलं तर..."

"म्हणजे पडणार हाय?"

"नाय, तसं नाय. रोज सकाळीच चावी द्या. पाणी लागू देऊ नका. हवा दमट हाय तिकडं."

कंडक्टरनं घंटी मारली. तुळसानं खिडकीची दांडी घट्ट धरली. "हवा सांगायला धावत आलात?"

गाडी हलली. सहदेव चार पावलं बरोबर चालला, आणि उघडं दुकान तसंच टाकून दारातून आत चढला. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं, तर बावचळून म्हणाला, "दासगाव."

तो तिच्या शेजारी बसला आणि मुका झाला. सावित्री नदीचं पाणी खिडकीतून मागं मागं जात राहिलं. तुळसा वाट बघून कंटाळली. दासगावची घरं दिसायला लागली, तेव्हा तो कुठं बोलला.

"मी तुमच्या घरी येऊ? आईला भेटायला?"

"कशाला?"

"घड्याळ... नाय. तुम्हाला मागायला."

"एवढं बोलायला दासगाव यावं लागलं," तुळसा म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. "या. कापड्यात माझ्या आईचं, प्रयागबाईचं घर कुणी पण दाखवील. पण ऐका. शिक्षण झालं तरी मी नोकरी सोडायची नाय. अवेळी डोंगरावर जाईन. ते पटत असेल तरच या."

"पटतंय," तो म्हणाला. "मी कंदील धरून पुढं चालेन."

गाडी थांबली. तो उतरला, हसत हसत, कुणीतरी ढकलल्यासारखा रस्त्याला लागला आणि भराभरा माणगावच्या दिशेनं चालू लागला.

गाडीनं त्याला गाठलं, तेव्हा तुळसानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"अवो," ती म्हणाली, "महाड मागं हाय."