रिकामा विलाप

नवरा केनेश गेल्यानंतरचा चाळिसावा दिवस जवळ आला तशी साल्कीनने जुन्या फोनची शोधाशोध सुरू केली. फोन काही मोलाचा नव्हता. काच तडकलेली, बॅटरी फुगलेली. बेकतूरने, तिच्या मुलाने, रशियातून नवा फोन पाठवला त्या दिवसापासून तो कुठेतरी पडला होता. रजयांच्या चळतीमागे पाहिलं, शिवणाच्या डब्यात पाहिलं. शेवटी सापडला तो नातेवाइकांना वाटायला काढून ठेवलेल्या केनेशच्या कपड्यांत, त्याच्या हिवाळी बुटाच्या आत. तिथे तो कोणी ठेवला, हे तिने स्वतःला विचारलं नाही. घरातलं माणूस गेलं की वस्तू अशाच भलत्या जागी सापडू लागतात.

तिला फोन नको होता, त्याच्या पोटातलं मेमरी कार्ड हवं होतं. नखाने मागचं झाकण उचकटलं, बॅटरी काढली, आणि खाली ते दिसलं. करंगळीच्या नखाएवढं, काळं. एवढ्याशा तुकड्यात तिची आई होती.

आई म्हणजे बुर्माकान. मयताच्या घरी विलाप गाणारी म्हणून दोन खोऱ्यांत तिचं नाव होतं. कोणी गेलं की अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहायचा, आत बायका दाराकडे पाठ करून बसायच्या आणि बुर्माकान सूर धरायची. मग बाहेर काठीवर रेललेले दगडासारखे पुरुषही विरघळायचे. नवऱ्यासाठी बायकोचा विलाप वेगळा, बापासाठी लेकीचा वेगळा. लेकरासाठी आईचा असतो तो तर सगळ्यांहून वेगळा. त्याचा पहिला शब्द कानावर पडला की भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबत.

लेकीला मात्र तिने यातलं काही शिकवलं नाही. लहानपणी एकदा कणीक लाटताना साल्कीन आईचीच चाल गुणगुणत होती, तर आईने लाटणं तिच्या बोटांवर मारलं होतं. म्हणाली, "माणूस गेलेलं नसताना विलाप करू नये. रिकामा विलाप माणूस शोधत फिरतो." पुढे साल्कीन शिकली, शाळेत भूगोल शिकवू लागली, आणि आईचे विलाप जपून ठेवावेत म्हणून मयताच्या घरी फोन खिशात चालू ठेवून बसू लागली. आईच्या ते लक्षात आलं होतं. ती रागावली नाही. "ठेव भरून," एवढंच म्हणाली. "पण ऐकताना ओठ हलवू नकोस."

केनेश मेंढ्यांच्या गोठ्यातच वारला. सकाळी चारा टाकायला गेला तो तिथेच बसल्यासारखा सापडला. मातीच्या दिवशी साल्कीन तंबूत बसली, काळा रुमाल डोक्याला, पाठ दाराकडे. बाहेरून माणसं आक्रोश करत येत होती, आतून बायकोने उत्तर द्यायचं होतं. तिचा गळा उघडलाच नाही. शेजारी नणंद अनारकान होती. तिने एकदा कोपराने ढोसलं, एकदा मांडीला चिमटा काढला. शेवटी तिने स्वतःच सूर लावला, भावासाठी बहिणीचा.

त्यानंतर दर गुरुवारी मृताला वास पोचावा म्हणून तेलात पुऱ्या तळल्या जात, आणि दर गुरुवारी अनारकान चुलीपाशी बसून तेच उगाळत असे. बुर्माकानची लेक म्हणे. वर्गात तोंड चालतं, नवऱ्यासाठी नाही. मागच्या गुरुवारी तिने झारा बाजूला ठेवला आणि भावजयीला नेहमीसारखी केलिन, म्हणजे सून, म्हणत हळू आवाजात सांगितलं, "चाळिसाव्याला दोन्ही गावं येतील, केलिन. माझा भाऊ एकदा मुका गेला. दुसऱ्यांदा नाही जाणार. तुला जमत नसेल तर सांग, मी कुणा बाईला बोलावते. बायको जिवंत असताना उसनी रडणारी. तेवढंच बघायचं राहिलंय."

साल्कीनने तो झारा उचलून पुरी उलटली. तेलाचा धूर डोळ्यांत गेला तरी पाणी आलं नाही. पण त्या दिवशी तिने ठरवलं. आईने साल्कीनच्या वडिलांसाठी केलेला विलाप त्या कार्डावर होता, बायकोने नवऱ्यासाठी केलेला. तो पाठ करायचा, आणि वडिलांच्या नावाच्या जागी केनेशचं नाव घ्यायचं. आईच्या तोंडचे शब्द लेकीने घेतले तर त्यात चोरी कसली.

नव्या फोनला मागचं झाकणच नव्हतं. बाजूला एक बारीक भोक होतं. त्यात रजई शिवायची सुई खुपसल्यावर छोटासा कप्पा जिभेसारखा बाहेर आला. कार्ड त्यात ठेवलं, कप्पा आत ढकलला. फोनने विचारलं, हे कार्ड वापरण्यासाठी आधी पुसावं लागेल, पुसू? साल्कीनचं बोट 'हो'वर टेकणारच होतं, तेवढ्यात दुधाची किटली घेऊन शेजारची चिनारा आत आली. चिनारा गावातल्या दवाखान्यात नर्स होती. फोनचं दुखणंही लोक तिच्याकडेच आणत.

तिने फोन काढूनच घेतला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती साल्कीनला एजे म्हणे. "एजे, यंत्राने विचारलं की लगेच हो म्हणायचं नसतं. लग्नात म्हटलंत तेवढं पुरे."

साल्कीनला कितीतरी दिवसांनी हसू आलं, आणि आल्याची लाज वाटली. चिनाराने कार्ड काढलं, त्याचे पिवळे दात खोडरबराने घासले, फुंकर मारली, पुन्हा बसवलं. या वेळी फोनने काही विचारलं नाही. गाण्यांत काही दिसेना, फोटोंत दिसेना. मग तिने फाइलींचं पान उघडून खाली बोट ठेवलं. फोनची जागा वेगळी, कार्डाची वेगळी. कार्डाच्या जागेत आईचे विलाप ओळीने उभे होते.

चिनारा गेल्यावर साल्कीनने इअरफोन कानात घातले आणि वरून रुमाल बांधला. भरलेल्या आवाजात आधी कुणाचा तरी घोडा खिंकाळला, बायकांची कुजबुज झाली, आणि मग आईचा आवाज आला. *माझ्या घराच्या खांबा...* सूर चढला की मध्येच दुमडायचा, घडी घातल्यासारखा. ती घडी फक्त आईची.

पहिल्या दिवशी तिने नुसतं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ओठ हलले.

आपलं कितपत जमतंय हे कळावं म्हणून ती स्वतःचा आवाजही भरू लागली. फोनची जागा बेकतूरने पाठवलेल्या फोटोंनी भरली होती. फोनने विचारलं, कार्डावर ठेवू? ती हो म्हणाली. पहिल्यांदा ऐकलं तर हजेरी घेतल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा बरं होतं. तिसऱ्यांदा संध्याकाळ होत होती, घरात कोणी नव्हतं, खिडकीबाहेर बर्फ निळा पडत चालला होता. गाता गाता तिला जाणवलं की सूर दुमडला. घडी पडली. ती घाबरून थांबली, फोन बंद केला आणि उगाचच दिवा लावला.

तिसरं भरलेलं तिने दुसऱ्या दिवशी दुपारी ऐकलं.

आवाज तिचाच होता, पण भरलेला, न थांबणारा. ती तर मध्येच थांबली होती. आणि सुरुवातीला घराचा खांब नव्हता.

*बोतोम,* तिचा आवाज म्हणत होता. *माझ्या बोतोम, माझ्या पिल्ला...*

बोतो म्हणजे उंटाचं पिल्लू. आई लेकराला तशी हाक मारते. आणि विलापात तो शब्द फक्त लेकरू गेल्यावर येतो.

मागे एक पत्र्याचं झाकण पडलं, घरंगळत गेलं. कुत्रा भुंकला, तुटक तुटक. मग दुरून गाडी येऊ लागली. साल्कीनने इअरफोन उपटून टाकले.

तिने चिनाराला बोलावून आणलं. काय ऐकायचं ते सांगितलं नाही, नुसतं ऐक म्हणाली. चिनारा मान तिरपी करून ऐकत राहिली.

"तुमचाच आवाज, एजे. किती छान जमलंय," ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "पण हा... हा विलाप तर..."

"पुढे ऐक."

"गाडी आली. थांबली. एक दार वाजलं." तिने कान आणखी टवकारले. "एकच. आता तुम्ही श्वास घेताय, मोठा... नाव घेण्याआधी घेतात तसा..."

साल्कीनने फोन तिच्या हातातून हिसकावून बंद केला.

तिला दोनच मुलं. बेगाइम पलीकडच्या गावात दिलेली, ती चाळिसाव्याच्या आदल्या दिवशीच मदतीला येणार होती. आणि बेकतूर रशियात. बापाच्या मातीला त्याला कामावरून सोडलं नव्हतं. आता सुट्टी मिळाली होती, विमानाचं तिकीट काढलं होतं. साल्कीनने त्याला फोन लावला आणि इकडचं तिकडचं न बोलता सांगितलं, येऊ नकोस.

तिकडे मागे यंत्रांचा घरघराट चालू होता.

"अपा, मातीला नव्हतो," तो आईला म्हणाला. "चाळिसाव्यालाही नको? लोकांचं सोड. मी स्वतःला काय सांगू?"

घाटात बर्फ आहे, ती म्हणाली. रस्ता खराब आहे. दुसरं काय सांगणार होती? मी तुझा विलाप आधीच केलाय, म्हणून येऊ नकोस?

"अदिल येतोय मला घ्यायला, त्याची गाडी आहे," तो म्हणाला. अदिल त्याचा चुलतभाऊ. "दोघं आहोत आम्ही. एकाला डुलकी आली तर दुसरा चालवेल. तू घाटाची काळजी करू नकोस, भूगोलाच्या बाई."

फोन ठेवल्यावर तिने कार्डाची जागा उघडली. सगळं पुसलं जाईल, परत मिळणार नाही, फोनने बजावलं. वडिलांसाठीचा विलाप, शेजाऱ्यांसाठीचे, घोड्याची खिंकाळी, कुजबुज, आईचा खोकला. चिनारा दाराशी उभी होती, तिने या वेळी अडवलं नाही. साल्कीनने 'हो' दाबलं. एक पट्टी उजवीकडे सरकत गेली आणि फोन म्हणाला, कार्ड रिकामं आहे. आईला दुसऱ्यांदा माती दिली, आणि याही वेळी साल्कीनच्या तोंडून आवाज निघाला नाही.

चाळिसाव्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. अंगणात तंबू उभा होता, कढया चढल्या होत्या, तेलाचा आणि मांसाचा वास बर्फावरून दूर जात होता. सकाळीच बेकतूरचा फोन येऊन गेला होता. घाटाखालच्या कोचकोरला चहा प्यायलो, आता घाट चढतो, मग फोन लागणार नाही. आवाज आनंदी होता. मागे अदिल कशावर तरी हसत होता.

साल्कीन तंबूत बसली, पाठ दाराकडे, तोंड नमद्याच्या भिंतीकडे. एका बाजूला अनारकान, दुसऱ्या बाजूला बेगाइम. तिने मनाशी ठरवलं होतं, आज ओठ उघडायचेच नाहीत. अनारकानने काय बोलायचं ते बोलावं, दोन्ही गावांनी थुंकावं. केनेश समजून घेईल. जन्मभर घेतलंच होतं.

बाहेरून पुरुष आक्रोश करत तंबूकडे येऊ लागले. अनारकानने सूर धरला, एक फेर घेतला, आणि कोपराने ढोसलं. साल्कीनने दात आवळले. दुसरा फेर. पुन्हा कोपर.

"आता तरी, केलिन," अनारकान कुजबुजली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच टोमणा नव्हता, विनवणी होती. "माझ्या भावासाठी..."

केनेशचे बुटातले पाय साल्कीनच्या डोळ्यांपुढे आले, गोठ्यातल्या चाऱ्यावर पसरलेले. गळ्यात काहीतरी सुटलं. ओठ उघडले.

"बोतोम," ती गात होती. "माझ्या बोतोम, माझ्या पिल्ला..."

अनारकानचा सूर तुटला. बेगाइमने तिचं मनगट पकडलं. "अपा... अपा, हा विलाप अताचा, बापाचा नाही..." लेकीचा हात गरम होता, जिवंत होता. साल्कीनने रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. आवाज थांबला नाही. तो तिच्या छातीतून येत होता, भरलेला, आणि नेमक्या जागी दुमडत होता. बाहेर भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले असावेत, कारण पाण्याचा आवाज बंद झाला.

पत्र्याचं झाकण पडलं. घरंगळत गेलं.

कुत्रा भुंकला, तुटक तुटक.

कोटाच्या खिशातला फोन तिच्या बरगडीला गरम लागला. तिने हात घालून तो अर्धवट बाहेर काढला. आवाज भरला जात होता. लाल ठिपका पेटलेला होता, खाली आकडे पळत होते. तो तिने चालू केला नव्हता.

दुरून गाडी येऊ लागली. आक्रोश करणाऱ्या पुरुषांतला एक जण मध्येच आनंदाने ओरडला, आले, बेकतूर आला. बेगाइमने मनगट सोडलं आणि ती उठायला लागली. गाडी अंगणाशी येऊन थांबली. इंजिन बंद झालं.

एक दार वाजलं.

साल्कीनने मोठा श्वास घेतला, आणि तो आतच धरून दुसऱ्या दाराच्या आवाजासाठी कान लावून बसली.