नेरिडाची शुक्रवारची रात्रपाळी

शेगडीजवळ सरका, पोरांनो, आणि मध्ये बोलू नका. ही नेरिडा तिकडे पार दक्षिणेला, स्टॅन्ली गावात माझ्या मेव्हणीच्या शेजारी राहायची, तेव्हा थापा मारत नाहीये मी.

जुलैतला दुसरा शुक्रवार, तिकडे तेव्हा ऐन हिवाळा, रात्रीचे साडेदहा. नेरिडा परसात लाकडं आणायला गेली होती. एवढंच. पण तेव्हा तिची रात्रपाळी चालू होती. एकट्या पडलेल्या माणसांशी संगणकावर लिहून बोलायचं, धीर द्यायचा, असं ती बिनपगारी काम करायची. रीतसर शिकली होती ते. पहिला धडा काय, तर समोरच्याला सोडून उठायचं नाही.

समोर एक म्हातारा होता. एकेक अक्षर शोधत लिहायचा. बायको गेलेली, 'पेट्रेल' नावाची मासेमारीची होडी विकलेली. नेरिडा कंटाळली आणि न सांगता उठली. लाकडं आणली, चहाही टाकला. परत येऊन बघते तर पडद्यावर तीनदा, 'आहात का?'

'तुमचंच वाचत होते,' तिनं लिहिलं. आणि घाईत, आधीच्या बाईला लिहिलेला दिलासा त्यालाच चिकटवून दिला. 'तुमची मुलगी परत येईल.'

'मला मुलगी नाही, बाई.'

तो गेला.

सकाळी बेकरीवाली म्हणाली, "पेट्रेलवाला गिल गेला गं बिचारा. परवा पुरलं त्याला."

"पण काल रात्री तर..."

"काल कुठलं? परवा! खांदा दिलाय माझ्या नवऱ्यानं."

नेरिडा पाव न घेताच घरी आली. कुणाला सांगणार? भीतीपेक्षा लाज मोठी होती. मेलेला माणूस बोलायला आला, आणि आपण चहा टाकत होतो.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. 'आहात का?'

तिनं लिहिलं, 'आहे. त्या दिवशी खोटं बोलले. उठून गेले होते. लाज वाटते मला, गिल.'



मग एकेक अक्षर.

'माहीत आहे. खिडकीतून तुमची पाठ दिसत होती.'

तिनं खिडकीकडे मान वळवली नाही. वळवावीशी वाटली... नाही वळवली. शेगडी विझली. नेरिडा हलली नाही. 'बोला,' तिनं लिहिलं.

तो बोलला नाही.

गेलाही नाही.

उजाडल्यावर ती बाहेर आली. सगळं गवत गोठलेल्या दवानं पांढरं. फक्त खिडकीखाली, दोन पावलं मावतील एवढी जागा हिरवी.

तिनं हात लावला.

उबदार होती.