कवळी मुठीत, दुखणं जबड्यात

आमच्या आबांच्या तोंडात स्वतःचा असा एकही दात उरलेला नाही. तरीसुद्धा त्यांचा जबडा दुखत होता. आता सांगा, दुखायला तिथे होतं काय?

"कवळी!" आबा म्हणायचे. "नवी आहे, चावते."

ती कवळी टिकलीने, म्हणजे आमच्या यंत्रमानवाने, हिरड्यांचं माप घेऊन छापून दिली होती. कपाळावर लाल दिवा म्हणून तिचं नाव टिकली. आबा तिला रोज हुकूम सोडायचे, "कवळी तपास!" ती तपासून सांगायची, "कवळी ठीक आहे." मग आबा चिडायचे आणि गालात लवंग धरून बसायचे. तोंडात ठणका लागला की आमच्या घरात लवंगच. शास्त्रज्ञ झाले म्हणून काय झालं!

आबा म्हणजे माझे आजोबा, खगोलशास्त्रज्ञ. आई आणि मी त्यांच्याकडेच राहतो. आमचं घर टेकडीच्या पायथ्याशी आणि वेधशाळा (आकाशाचं निरीक्षण करायची जागा) माथ्यावर. त्या संध्याकाळी एक लघुग्रह एका ताऱ्याच्या पुढून जाणार होता आणि तारा काही क्षण दिसेनासा होणार होता. याला पिधान (झाकलं जाणं) म्हणतात. आबा वर्षभर त्याचीच वाट बघत होते. आणि नेमका टेकडीचा रोपवे बंद पडला.

"पायऱ्यांनी जाऊ," आबा म्हणाले. त्यांनी कवळी काढून माझ्या हातात दिली. "जुई, ही धर. वर पाहुणे आलेत, पोचलो की लावतो. तोवर जबड्याला आराम."

आम्ही निघालो, टिकली मागोमाग होतीच. निम्म्या चढावर आबा थांबले. डावा हात जबड्यावर दाबलेला, कपाळावर घाम. हवा तर चांगली गार होती.

"ही कवळी जीव घेणार माझा," ते पुटपुटले.

"आबा, कवळी माझ्या मुठीत आहे."

त्यांनी चमकून माझ्या मुठीकडे बघितलं. मी टिकलीकडे वळले.

"टिकली, कवळीचं सोड. आबांचा जबडा का दुखतोय, ते सांग!"

टिकलीचा दिवा लुकलुकला. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"कारणं पुष्कळ असतात," ती म्हणाली. "किडलेला दात, सुजलेली हिरडी. बऱ्याचदा जबड्याचा सांधा (कानापुढची बिजागरी) दुखावतो, झोपेत दात खायच्या सवयीने किंवा ताणाने. मग चावताना, जांभई देताना दुखतं, कट्कट् वाजतं. कधी सर्दीने सायनस (नाकालगतच्या पोकळ्या) सुजतात. आबा, तोंड उघडा. दुखलं?"

"नाही."

"सकाळी भाकरी चावताना?"

"नाही गं."

"मग कधी दुखतं?"

मला भराभर आठवायला लागलं. परवा गच्चीवर जाताना. काल बागेत बादल्या नेताना. आणि दर वेळी बसले की त्यांना बरं वाटायचं.

"चढताना, ओझं उचलताना दुखतं! बसल्यावर थांबतं!"

"आबा, खाली बसा," टिकली म्हणाली. "आता एक पायरीसुद्धा नाही. हे दुखणं हृदयाचं असू शकतं." बोलता बोलता तिने रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावलाही होता.

"हृदय काय गालात असतं?" आबांनी विचारलं, पण आवाज बारीक झाला होता.

"हृदयाचे आणि जबड्याचे निरोप मज्जातंतूंतून (संदेश नेणाऱ्या दोऱ्यांतून) मेंदूकडे जातात, तेव्हा त्यांच्या वाटा एकमेकींना मिळतात. मग मेंदू पत्ता चुकतो. याला संदर्भित वेदना (मूळ एका जागी, दुखणं दुसऱ्या जागी) म्हणतात. रक्त कमी पडलं म्हणून हृदय ओरडतं आणि मेंदूला वाटतं, जबडा ओरडतोय. छातीत दुखलंच पाहिजे असं नाही. घाम, धाप, मळमळ, हात भरून येणं, यातलं काही सोबत असेल तर मदत बोलवायला क्षणभरही थांबायचं नाही."

"थोडा वेळ बसतो, मग जाऊ वर," आबा उठायला लागले. "तारा काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

"उठलात तर कवळी दरीत फेकीन!" मी ओरडले.

बिनकवळीचे आबा आणि समोर पाहुणे? ते मुकाट बसले. पण या वेळी बसूनही दुखणं थांबेना. मी त्यांचा गार पडलेला हात धरून आभाळाकडे बघत होते, ताऱ्यासाठी नाही, उडत्या रुग्णवाहिकेसाठी.

ती आली. डॉक्टरबाईंनी आबांच्या छातीवर चकत्या चिकटवून ईसीजी (हृदयाच्या विजेचा आलेख) काढला. "रक्तवाहिनीत अडथळा वाटतोय. बरं झालं, लगेच बोलावलंत."

"आणि नुसता सांधाच दुखत असता तर?" मी विचारलं.

"तर मी आनंदाने परत गेले असते. पण सांध्यालाही दुर्लक्षून चालत नाही हं. सूज आली, ताप आला, मार लागला किंवा तोंड उघडेना, तर त्याच दिवशी दाखवायचं. गिळता किंवा श्वास घेता येईना, तर लगेच रुग्णवाहिका. साधं दुखणंही आठवडाभर रेंगाळलं तर दंतवैद्य गाठायचा."

रुग्णवाहिकेत चढवताना आबांनी टिकलीला वर वेधशाळेकडे बोट दाखवलं. ती एकटीच पायऱ्या चढून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईबरोबर इस्पितळात गेले. आबांच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली होती, चेहऱ्यावर रंग परतला होता. मला रडूच फुटलं. टिकली पलंगाशी उभी होती आणि शेजारच्या आजींना विचारत होती, "दुखतं, ते काय करताना?" आता ती सगळ्यांना आधी हेच विचारते.

आबांनी हात पुढे केला. मी कवळी दिली. ती लावून मगच ते बोलले.

"टिकली, तारा गेला?"

"गेला, आबा."

"आणि?"

"परत आला."

आबा हसले. त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात आता उबदार होता.

"मीही," ते म्हणाले. "पुढचं पिधान दोघं मिळून बघू. रोपवेने!"