दोन बोटं कमी

काम तसं साधं होतं. जांबोटीच्या अलीकडं, झाडी दाट होते तिथं, लष्कराचा एक ट्रक बंद पडला होता. तो ओढून बेळगावला आणायचा. तारीख चौदा नोव्हेंबर, साल दोन हजार चोवीस, वार गुरुवार. अमावस्या नव्हती. पौर्णिमा उद्यावर आलेली, चांदणं असं की पान्यावरचा नंबर वाचता यावा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण भुताची गोष्ट म्हटली की तुम्ही पोरं लगेच काळोख आणि वडाचं झाड शोधायला लागता.

आणि शामू, खरी का खोटी हे मला विचारायचं नाही. छत्तीस वर्षं मी त्या वर्कशॉपात फिटर होतो, गेल्या मार्चात सुटलो. वर्कशॉप कुठलं तेही विचारायचं नाही. सरकारी जागा आहे आणि या परशरामला अजून पेन्शन खायची आहे. जिच्यावर हे गुदरलं ती आरोही, आपल्या गुंजीची पोर. तिनं मला जसं सांगितलं तसं सांगतो.

आमच्याकडं पोरी पहिल्यांदाच आल्या तेव्हा सगळ्यांत जास्त नाक मुरडलं ते मी. गाड्यांच्या मेकॅनिक म्हणून दोघी आल्या, आणि दोघींनी जन्मात पाना धरलेला नव्हता. आरोहीनं बापाची स्कूटर चालवलेली, तेवढीच काय ती ओळख. दुसरी दीप्ती, निपाणीकडच्या जैन शेतकऱ्याची मुलगी, बी.कॉम. झालेली. पहिल्याच दिवशी मी तिला बारा-तेराचा पाना आण म्हटलं, तर ही शहाणी दोन पाने घेऊन आली, एक बाराचा आणि एक तेराचा. अरे, पाना एकच असतो, दोन टोकांना दोन मापं. आम्ही पोट धरून हसलो. तिनं वही काढली आणि पान्याचं चित्र काढून खाली नाव लिहिलं. सहा महिन्यांत ती वही भरली आणि आमचं हसणं थांबलं. मष्णू हवालदार तर अडलेल्या गिअरबॉक्सपाशी तिला बोलवायला लागले.

आरोहीचं वेगळं होतं. तिला वही लागायची नाही, तिला कान होता. शेडच्या दुसऱ्या टोकाला इंजिन सुरू झालं तरी ही इकडून मला सांगणार, आप्पा, त्याचा तिसरा टॅपेट वाजतोय. आणि वाजत असायचाच.

दोघींचं मेतकूट चांगलं जमलेलं. दीप्तीचा नेम होता, दिवस बुडायच्या आत जेवायचं. त्यामुळं संध्याकाळी साडेसहा वाजत आले की तिची चुळबुळ सुरू. "मेले गं भुकेनं," ती रोज म्हणायची. आणि आरोहीचं ठरलेलं उत्तर, "मर तिकडं. अजून अर्धा तास हाय सूर्याला." रोजचं होतं ते. आम्हालाही पाठ झालेलं.

ऑगस्टातली गोष्ट. अशीच संध्याकाळ, शेवटची गाडी. आरोही जॅकवर, दीप्ती खाली घोडी लावतेय. घोडी म्हणजे लोखंडी तिवई. जॅकनं गाडी उचलायची आणि खाली घोडी बसवायची, कारण जॅकचा भरवसा नसतो. घोडी बसल्याशिवाय अंग आत घालायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. पण त्या दिवशी घोडी दोन बोटं अडत होती. हात पुरेना म्हणून दीप्ती खांद्यापर्यंत आत सरकली. दिवस कलत आलेला, तिला घाई. आणि जॅकचं सील गेलं. गाडी बसली.

तिच्याबद्दल आणखी काही सांगत नाही. चांगली पोर होती.

चौकशी बसली. साहेबांनी आरोहीला विचारलं, आत जाण्यापूर्वी ती काही बोलली? गाडी अजून वर घे म्हणाली? आरोही म्हणाली, नाही, काही बोलली नाही. कागदावर आलं, मयत न सांगता, घोडी न लावता, नियम मोडून आत शिरली. म्हणजे चूक दीप्तीची. तिच्या गावात लोक बोलायला मोकळे झाले, पोरीच्या जातीला हे झेपतंय व्हय? आणि मी, ज्याला आरोहीचा कान माहीत होता, मी गप्प बसलो. हाताच्या अंतरावर बोललेलं त्या पोरीला ऐकू आलं नाही, हे मला पटायला नको होतं. पण पटवून घेतलं.

सप्टेंबरात आरोही दीप्तीच्या घरी भेटायला गेली. तिची आई तारामती अंगणात शेंगा निवडत होती. पुतण्याचं पोर माडीच्या जिन्यावर चढायला लागलं तसं ती ओरडली, "एऽ, मेले हत्तबेड!"

आरोहीच्या हातातली वाटी तशीच राहिली. घरात कानडी बोलतात हे तिला माहीत होतं. तिची स्वतःची कानडी बस थांबवण्यापुरती.

"काकू, मेले म्हंजे?" तिनं विचारलं.

"मेले म्हंजे वर गं. वर चढू नको म्हटलं त्याला."

झालं. आरोहीला पुढचं काही ऐकू आलं नाही. कारण त्या संध्याकाळी गाडीखालून आवाज आलेला होता. "मेले... मेले..." घाईत मराठी बाजूला पडून घरची भाषा तोंडात आली होती. वर घे, अजून वर घे. आणि आरोहीला वाटलं, हिचं रोजचंच, भुकेचं. ती हसली होती. "मर तिकडं," म्हणाली होती. त्या शब्दाच्या लाजेनंच तिनं साहेबांना, काही बोलली नाही, असं सांगितलं होतं.

आता सांगा, हे ती कोणाला सांगणार? साहेबांना सांगितलं तर खोटी साक्ष दिली म्हणून नोकरी जाणार. तारामतीला सांगायचं तर कुठल्या तोंडानं? पोर झुरायला लागली. गाडीखाली जाईना, जॅकला हात लावीना. बॅटऱ्या भरायचं काम मागून घेतलं. रात्री दोन-दोनदा उठून बराकीबाहेर येरझाऱ्या घालायची.

तर, ती चौदा तारीख.

बाकीचे सगळे तपासणीच्या तयारीत गुंतलेले. संध्याकाळी निरोप आला आणि वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून उरली एकटी आरोही. सोबत ड्रायव्हर नागेंद्र, गोकाकचा, कानडी माणूस, पोट हे एवढं. दोघं निघाले. किणये गाव गेलं, मग झाडी सुरू झाली. बंद ट्रकपाशी पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. त्या ट्रकचा ड्रायव्हर रवळू वाट बघत होता. त्याला एक हातबॅटरी देऊन मागच्या वळणावर उभं केलं, येणाऱ्या गाड्यांना थांबवायला.

ट्रकचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे मागची चाकं फिरवणारा लांब दांडा, एका टोकाला सुटून लोंबत होता. तो वर बांधल्याशिवाय ट्रक ओढता येईना. मागचं चाक कडेच्या तांबड्या मातीत रुतलेलं, त्यामुळं खाली शिरायला जागा नाही. म्हणजे जॅक लावायचा. घोडी लावायची. आणि कोणीतरी आत जायचं.

नागेंद्रनं स्वतःच्या पोटाकडं बघितलं, मग आरोहीकडं.

"मी मारतो जॅक. तुम्ही सांगा," तो म्हणाला.

आरोही म्हणाली, तिथून पळून जावंसं वाटलं आप्पा. पण पळणार कुठं? सगळीकडं चांदणं.

फळी टाकून जॅक लावला. गाडी उचलली. आरोहीनं बॅटरी दातांत धरली, दोन्ही हातांत घोडी घेतली आणि कडेनं आत हात घातला. घोडी अडली. दोन बोटं कमी. रेटून बघितली. बसेना. मग तिच्याही नकळत तिचा खांदा आत गेला. मग डोकं. मग छाती.

पहिला धडा तीच विसरली.

वर गाडी. खाली माती. नागेंद्रची पावलं तेवढी दिसत होती. मागं त्यांच्या गाडीचं इंजिन चालू, त्याची घरघर. वर घ्या म्हणून सांगायचं होतं. पण तोंडात बॅटरी. हात सोडले तर घोडी अंगावर येणार. ती अडकली.

आणि तेव्हा...

डाव्या कानापाशी. अगदी जवळ.

"मेले."

बाईचा आवाज. हळू. दमलेला.

मान वळवायची हिंमत नव्हती. डाव्या बाजूला ट्रकचं रुतलेलं चाक होतं. तिथं माणूस मावायला जागाच नव्हती...

"मेले..."

कुठलं मेले? मराठी की कानडी? तिला कळेना. आप्पा, ती मला म्हणाली, मला मराठीच ऐकू येत होतं. मेले. मी मेले. तुझ्यामुळं मेले. उत्तर द्यायला हवं होतं. मागच्या वेळी दिलेलं उत्तर तोंडाशी आलं...

दातांत बॅटरी होती म्हणून वाचले, म्हणाली.

"इन्नू... मेले."

टक.

जॅकचा दांडा हलला. टक... टक... गाडी वर सरकली. घोडी सुळकन आत गेली. बसली.

"साकु."

मग शांत. इंजिनाची घरघरसुद्धा ऐकू येईना, म्हणाली.

आणि फस्स आवाज झाला. जॅकमधून तेल उडालं. गाडी करकरली, खाली आली... आणि घोडीवर थांबली. आरोहीच्या नाकापासून वीतभर वर.

नागेंद्रनं तिला पाय धरून बाहेर ओढलं. देवाचं नाव घेत होता. "नशीब, तुम्ही वेळेवर बोललात," म्हणाला. "आणि कानडी कधी शिकलात? मेले, मेले, इन्नू मेले, मग साकु. एकदम आमच्याकडच्या बाईसारखं."

इन्नू म्हणजे अजून, साकु म्हणजे पुरे. आरोहीनं तोंडातली बॅटरी काढली. दातांचे वळ उमटले होते तिच्यावर.

"मी काय बोललेच न्हाई," ती म्हणाली.

नागेंद्र गाडीखाली बघायला वाकू लागला. मग वाकायचं राहिलं... ताठ झाला आणि जाऊन आपल्या सीटवर बसला. शाफ्ट आरोहीनंच बांधला आणि रात्रीत ट्रक बेळगावला आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडं आली आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू, मीच तिला म्हटलं, "जाऊ दे गं. आता उकरून काय मिळणार हाय? नोकरी तेवढी जाईल."

"आप्पा, चूक तिच्या नावावर लागलीया," ती म्हणाली. "ती बरोबर काम करत होती. वर घे म्हणून दोनदा सांगितलं तिनं."

त्याच दिवशी, शुक्रवारी, तिनं साहेबांना लिहून दिलं. रविवारी मला बरोबर घेऊन निपाणीकडं गेली. दुपारची वेळ. तारामती आणि तिचा नवरा सुकुमार दोघं समोर बसले. आरोहीनं काही लपवलं नाही. दीप्ती काय म्हणाली ते सांगितलं, आपण काय ऐकलं ते सांगितलं, आपण हसलो ते सांगितलं. "मर तिकडं" म्हटलं, हेही सांगितलं. मग जांबोटीच्या रस्त्यावरचं सांगितलं.

सुकुमार उठून परसात गेला. 

तारामती म्हणाली, "म्हंजे माझ्या पोरीनं नियम मोडला न्हवता."

"न्हाई काकू. तुमची पोर हुशार होती. चूक माझी."

तारामतीनं तिला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. तसं काही ती बोलली नाही. फक्त म्हणाली, "ती जागा मला दाखीव."

त्याच दिवशी आम्ही तिला घेऊन निघालो. पोचलो तेव्हा ऊन कलत आलेलं. तीन दिवसांत तिथून बसगाड्या गेलेल्या, गुरं गेलेली. तांबड्या मातीत खुरांचे आणि चाकांचे ठसे, एकावर एक. आरोही जिथं पडली होती तिथं आता काही उरलं नव्हतं. नागेंद्रनं तिला ओढलं त्याच्या खुणासुद्धा पुसलेल्या.

पण तिच्या डावीकडं, जिथं ते रुतलेलं चाक होतं, तिथं मातीत एक बाई उताणी पडल्याची खूण होती. डोकं, खांदे, पाठ, सगळं स्वच्छ. त्या तेवढ्या जागेवर एकाही गुरानं पाय दिलेला नव्हता. टाचा घासत आत गेल्याच्या दोन रेघा होत्या. बाहेर आल्याच्या नव्हत्या.

आरोही साडेपाच फुटांची आहे. ही खूण आखूड होती.

तारामती खाली बसली. वीत लावत लावत तिनं ती खूण डोक्यापासून टाचेपर्यंत मोजली. मग परत एकदा मोजली. मग आमच्याकडं न बघता म्हणाली, "तिचीच हाय. पुसू नका."

आम्ही पुसली नाही. वळवाचे दोन पाऊस झाले, कडेला मुरूम टाकून झाला. गेल्या महिन्यात मी बसमधून तिथून गेलो. अजून आहे.