फळीमागची वाळू

संक्रांतीच्या दिवशी दुपारी तनया धायरीला गेली ती निव्वळ लेबलं चिकटवायला. कर्वेनगरच्या तिच्या कॉलेजात दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं, आणि त्यातली सगळ्यात मोठी वस्तू ओळखीच्या तात्यारावांच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. वीस फुटी टेबल, टेबलावर वाळू, वाळूवर पानिपत.

तात्याराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. तेव्हापासून ते एकटेच बसून शिशाचे बोटभर सैनिक ओतत. प्रत्येकाच्या तळाशी खिळ्याने त्याच्या पथकाचं नाव कोरत, आणि नाव कोरल्याशिवाय कुणालाही वाळूवर पाय ठेवू देत नसत.

"ही आपली डावी फळी, गारदी," ते छडी फिरवत सांगत होते. "बंदुका आणि तोफा यांच्याकडे. मधे हुजुरात, म्हणजे भाऊसाहेबांची खास फौज. उजवीकडे शिंदे, आणि पार टोकाला होळकर. समोर अब्दालीची चंद्रकोर. गारद्यांपुढे रोहिले, हुजुरातीपुढे वजीर, शिंद्यांपुढे नजीब. आणि हे मागे राखून ठेवलेले घोडेस्वार. हे दुपार कलल्याशिवाय हलत नाहीत."

"आणि इथे?" तनयाने मराठ्यांच्या फळीमागे बोट दाखवलं. तिथे हातभर वाळू रिकामी होती.

"तिथे काही नाही."

"काही नाही कसं? बुणगे होते तिथे. बायका, पोरं, यात्रेकरू, बाजारवाले. लढणाऱ्यांपेक्षा जास्त माणसं! तुमच्या टेबलावर एकही बाई नाही, तात्या."

"त्या नकोत."

"का पण?"

"नकोत म्हटलं ना. लेबलं चिकटव, आणि गोंदाचे हात टेबलाला पुसू नकोस."

असं म्हणून तात्याराव टोपी चढवून लेकीकडे तिळगूळ द्यायला निघून गेले. मोठ्यांची हीच खोड. नको म्हणायचं, पण का नको ते सांगायचं नाही. तनयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने सॅकमधून बुटांचा खोका काढला. रविवारी तिने आणि तिच्या मैत्रिणीने, शेफालीने, शाडूच्या अकरा बायका केल्या होत्या. चेहरे सुचेनात म्हणून सरळ ओळखीचेच दिले. एकीला शेफालीची लांब वेणी आणि किंचित वाकडं नाक, एकीला तनयाचे कापलेले केस. हसून हसून दोघींची पुरेवाट झाली होती. तळाशी काय लिहायचं, हा प्रश्नच पडला नव्हता. बुणग्यांना पथक कुठलं?

तिने अकराही जणी फळीमागे उभ्या केल्या आणि लेबलांकडे वळली.

दोनच्या पुढे कधीतरी वास आला. आधी घामट घोड्यांचा, मग जळलेल्या बंदुकीच्या दारूचा. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावरून टँकर गेल्याचा आवाज आला आणि विरला. मग शेडमध्ये फक्त एकच आवाज उरला. बारीक, सलग. सुपातून वाळू सरकावी तसा…

तनयाने मान वर केली. हुजुरात विरळ झाली होती. मघाशी दाट उभे असलेले सैनिक आडवे पडले होते, जिथल्या तिथे, आपापल्या जागी. अब्दालीच्या मागचे घोडेस्वार मागे नव्हते. ते फळीच्या पार अलीकडे आले होते.

आणि बायका अकरा नव्हत्या. सात होत्या.

नाहीशा झालेल्या चौघींच्या जागी वाळूत ओरखडे होते. ओढत नेल्यासारखे.

तेवढ्यात फोन वाजला. शेफाली.

"तनया, मी धायरी फाट्यावरून चालत येतेय, लाइट्स घेऊन… अगं, इथे कुणीच नाहीये. एवढ्या दुपारी… आणि मागे घोडे आहेत का गं? टापा येताहेत… वळून बघते तर काही नाही…"

"पळ, शेफाली! पळ तिथून!"

पलीकडे फक्त दमलेला श्वास. टेबलावर वाकड्या नाकाची बाई एका स्वाराच्या अगदी पुढ्यात होती. तनयाने ती उचलायला हात घातला. ती उचलेना. खालून कुणी घट्ट धरून ठेवल्यासारखी.

तिने दुसऱ्या फोनवरून, शेडमधल्या जुन्या लँडलाइनवरून, तात्यारावांना लावला.

"तात्या, मी बायका ठेवल्या…"



"चेहरे कुणाचे?" त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. "मी एकदा ठेवली होती. एकच. बायकोचा, द्वारकेचा चेहरा दिला होता, कौतुकाने. ती दळण आणायला गेली होती, पोरी. डबा गिरणीत राहिला… सैनिकाला जागा असते. मेला तरी जागेवर मरतो. जागा नसलेल्यांना नेतात. तळाशी पथक कोर. लवकर."

लेबलं कापायला आणलेला कटर तिने उचलला. जोर लावून शाडूची बाई जागेवरच जेमतेम तिरकी करून तळाशी ती 'हु' कोरणार, तोच हात थांबला. हुजुरात कापली गेली. गारदी कापले गेले. रणातून निसटले कोण? आयुष्यात पहिल्यांदा तिला परीक्षेबाहेर इतिहास आठवावा लागत होता. तिने घाईघाईने 'होळकर' कोरलं. बाई सुटून हातात आली. ती तिने उजव्या टोकाला नेऊन ठेवली.

फोनमधून रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. माणसांचे आवाज. "थांबले बाबा टापांचे आवाज," शेफाली म्हणाली आणि रडू लागली. "रिक्षा मिळाली. आलेच."

मग तनयाने उरलेल्या सहा जणींच्या तळाशी तेच नाव कोरलं. एकही अक्षर चुकलं नाही. शेवटची ठेवून झाली तेव्हा वास गेला होता, वाळू गप्प होती.

शेफाली आत आली ती धापा टाकतच. दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं. मग शेफाली टेबलाकडे बघू लागली.

"आणि तुझी कुठेय गं? कापलेल्या केसांची?"

तनयाने सातही जणी तपासल्या. तिची त्यांत नव्हती. घाईत तिने चेहरे पाहिलेच नव्हते.

फळीमागच्या वाळूतून अनवाणी पावलांची एक रांग निघाली होती, तांदळाच्या दाण्याएवढी पावलं, दोन्ही बाजूंना टापा. अब्दालीच्या फौजेतून ती रांग पार पलीकडे गेली होती. टेबलाच्या कडेला ती संपत नव्हती. खाली फरशीवर वाळूचे ठसे दाराकडे गेले होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा.

उंबऱ्यापाशी शेवटचा होता. तनयाने चप्पल काढली आणि त्यावर पाऊल ठेवून पाहिलं.

बोटांना बोटं लागली, माप तिचंच होतं. ठसा अजून गरम होता.